महादूची गाठ

माहूलच्या कोळीवाड्यात कुणाचं जाळं फाटलं, की तो ते खांद्यावर टाकून महादूच्या ओटीवर आणून आपटायचा. सुती दोरा होता तोवर कुणीही गाठ मारावी आणि ती टिकावी. नायलॉन आलं आणि भल्याभल्यांची पंचाईत झाली. दोरा गुळगुळीत, आता मारलेली गाठ जरा वेळानं आपली आपण उकलायची. महादूची उकलत नसे. नेहमीची गाठ झाली की तो उलट्या अंगानं आणखी एक वेढा द्यायचा, दोरा करंगळीवर घ्यायचा आणि असा ओढायचा की त्या करंगळीच्या पेरावर कायमची खाच पडली होती. वाड्यात तिला महादूची गाठच म्हणत. महादूला तिचा गर्व होता, आणि का नसावा? होडी बापाची, घर आजाचं. स्वतःचं म्हणावं असं त्याच्याकडं तेवढंच होतं.

ही गाठ त्याला आईनं, कृष्णाबाईनं, शिकवली होती. बाप दर्यात गेला तेव्हा महादू जेमतेम चालता-बोलता होता. कोळणीनं मासळी विकावी आणि जाळी पुरुषांनी विणावीत, अशी रीत. कृष्णाबाईनं मासळीही विकली आणि ओटीवर बसून जाळीही विणली. वाड्यानं तिला नावं ठेवली, तिनं वाड्याला दुप्पट ठेवली. पोराच्या इवल्या करंगळीला दोरा गुंडाळून ती म्हणायची, "ओढ. अजून ओढ." पोरगा रडायचा आणि ओढायचा. आता तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता, पण बोटांना सगळं दिसत होतं.

आणीबाणीच्या आदल्या वर्षी खाडीनं दगा दिला. तेलाचे कारखाने तर वाड्याच्या डोक्यावर कधीचेच येऊन बसले होते. रात्रंदिवस जळणाऱ्या त्या ज्वाळांची पोराबाळांनाही सवय झाली होती. पण त्या वर्षी ओहोटीला पाण्यावर नुसता तवंग. जाळं वर काढावं तर डांबरात बुडवल्यासारखं काळं. महादू ते चिखलात लोळवायचा, वाळूनं घासायचा, घासून घासून त्याच्या तळहाताची सालटं निघाली. जाळ्यात येणारी बोयटं दिसायला चांगली चांदीसारखी, आणि खाऊ गेलं तर तोंडात रॉकेल.

ते रॉकेल मथुराच्या पदरात पडलं. मथुरा म्हणजे महादूची बायको. पाटी डोक्यावर घेऊन ती घाटकोपरच्या सोसायट्यांमधून मासळी विकायची. जिन्यावरून तिची हाक आली की दारं उघडायची. आता ती बंद व्हायला लागली. एके दिवशी सुहासिनीबाईंनी दार उघडलं ते हातात पातेलं घेऊनच.

"मथुरा, हे बघ गं, वास घे," त्या म्हणाल्या.

मथुरानं वास घेतला. तिला न घेताही ठाऊक होता.

"काल तळायला टाकली आणि घरभर स्टोव्ह भडकल्यासारखा वास. ह्यांच्या ऑफिसचे साहेब जेवायला होते. मला काय तोंड दाखवायला जागा राहिली सांग?"

"खाडीच नासली, बाय. आमी काय करनार?"

"ते खरं गं. पण विकायचं कशाला मग?"

मथुरानं पाटी उचलली. वरच्या मजल्यावरच्या दोघी कठड्यावरून वाकून ऐकत होत्या, त्यांच्या समोरून तिला जिना उतरायचा होता. पाटीतल्या बर्फाचं पाणी तिच्या मानेवरून पाठीत ओघळत होतं. सुहासिनीबाईंना मागाहून वाईट वाटलं असावं. त्यांनी जिन्यातून हाक मारली.

"अगं थांब. आमच्या मंडळानं देवनारला गालिच्यांचं केंद्र काढलंय. बायकांसाठी. शिकशील? हात चलाख आहे तुझा."

मथुरानं गालिचा म्हणजे काय ते कधी पाहिलं नव्हतं. ती हो म्हणाली.

देवनारच्या त्या पत्र्याच्या शेडमध्ये वारा फिरला की कत्तलखान्याचा वास यायचा आणि पुन्हा फिरला की कचऱ्याच्या डोंगराचा. मालाड, मुलुंड, कुठून कुठून आलेल्या बायका नाकाला पदर लावून मागासमोर बसायच्या. मथुराला वासाचं काही वाटलं नाही. शिकवायला मिर्झापूरचे एक म्हातारे होते. त्यांना सगळ्या उस्ताद म्हणत. माग म्हणजे उभी लाकडी चौकट. तिच्यावर सुताचे उभे ताणे घट्ट ताणलेले. उस्तादांनी लोकरीचा तुकडा घेतला, शेजारशेजारच्या दोन ताण्यांवर आडवा टाकला, दोन्ही टोकं मागून वळवून त्या दोघांच्या मधून पुढं काढली, खाली ओढली आणि छुरीनं कापली. लोकरीचा एवढासा झुबका उभा राहिला.

"बस. एक हुई," ते म्हणाले.

"आनि गाठ?" मथुरानं विचारलं.

"यही गांठ है."

"ही तं सुटंल ना, बाबा."

उस्ताद हसले. अशा झुबक्यांची एक ओळ झाली की तिच्यावरून आडवा धागा, म्हणजे बाणा, घालायचा आणि लोखंडी दात्यांच्या पंजानं ठोकून खाली बसवायचा. "गांठ को पकड़ने का काम उसका है, तेरा नहीं," ते म्हणाले. "तू बस लपेट, और छोड़ दे."

मासळी कापणारा हात. छुरी त्यात पहिल्याच दिवशी बसली आणि महिन्याभरात मथुरा सगळ्या बायकांच्या पुढं गेली. मग ठरलं की चांगल्या चार बायकांना माग घरी द्यायचा. घरी विणलेला पहिला गालिचा पसंत पडला तर माग तिचा आणि कामही कायमचं. नाही तर तो उचलून दुसरीकडं. रांगेत बायका पुष्कळ होत्या.

माग आला त्या दिवशी ओटीवर महादूचं जाळं पसरलेलं होतं. घरात दुसरी उंच जागा नव्हती. हमालांनी चौकट भिंतीला टेकवून धरली आणि सगळे महादूकडं बघायला लागले. महादूनं जाळं गोळा केलं, मागच्या दारी नेलं आणि उलट्या घातलेल्या होडीवर टाकलं. आल्यावर एवढंच म्हणाला, "बकऱ्याचा वास येतंय."

"लोकर हाय ती," मथुरा म्हणाली.

"कोल्याच्या घरात बकऱ्याचा वास," कृष्णाबाई म्हणाली. "म्हावऱ्याला रॉकेलचा वास, घराला बकऱ्याचा. आता मानसाला कसला येतंय ते बघाचा राह्यलाय."

त्या दिवसापासून महादू स्वतःच्याच ओटीवरून अंग चोरून जायला लागला. मथुरा सकाळपासून मागापुढं. पंजा ठकठक वाजायचा. महादू भरतीच्या वेळेला उगाच खाडीवर जाऊन यायचा आणि काळे पाय घेऊन परत यायचा.

गालिचा वीतभर राहिला असताना मथुराचा हात गेला. तिघांच्या कालवणापुरती शिंगाळी हरेश्वरनं दिली होती. हा हरेश्वर महादूचा होडीवरचा जोडीदार, लंगोटी मित्र. शिंगाळीचा काटा मथुरानं हजारदा मोडला असेल, पण त्या दिवशी लक्ष मागाकडं. काटा उजव्या हाताच्या पहिल्या बोटात पार हाडापर्यंत गेला. संध्याकाळपर्यंत बोट वांग्यासारखं टरारलं, हळद-चुना लावला तरी सूज मनगटावर चढली. चेंबूरच्या डॉक्टरांनी चिरा देऊन पू काढला, भलं मोठं बँडेज बांधलं आणि सांगितलं, हात हलवायचा नाही. तिच्या अंगात ताप होता. पण ती रडली ती तापानं नव्हे.

"उस्ताद यत्या सोमवारी यनार," ती म्हणाली. "माग नेतील गो, आये. नेतील."

कृष्णाबाईनं तिच्या कपाळावर हात ठेवला. महादू दारात उभा होता. बराच वेळ तो त्या मागाकडं बघत राहिला.

"गाठीच मारायच्या ना?" तो म्हणाला.

"तू?"

"मना गाठ येत नाय काय?"

 कोळ्यानं बायकांच्या मागावर बसायचं म्हणजे वाड्याला वर्षभराची करमणूक. ते त्यालाही कळत होतं. त्यानं ओटीचं पुढचं दार ओढून घेतलं, आतून कडी घातली. कृष्णाबाई त्याआधीच आपण होऊन बाहेर पायरीवर जाऊन बसली होती.

मथुरानं पडल्या पडल्या त्याला सांगितलं, कसं टाकायचं, कसं मागून वळवायचं, रंग कुठला कुठं. महादूनं दोन ताण्यांवर लोकर टाकली. टोकं मागून मधे काढली. आणि तिथं हात थांबला नाही. हातानं आपोआप उलट्या अंगानं आणखी एक वेढा दिला, लोकर करंगळीवर घेतली आणि खच्चून ओढली. नायलॉनपुढं लोकर म्हणजे लोणी. पहिल्या ओळीला वेळ लागला, दुसरीला कमी. दुपारपर्यंत तो रंगात आला होता.

"ये, ओढून बघ," तो म्हणाला.

मथुरा उठून आली. डाव्या हातानं तिनं एक झुबका धरून ओढला. आपल्या गाठीचा झुबका असा ओढला असता तर हातात आला असता. हा तसूभर हलला नाही.

"लय घट्ट तं नाय झाली?"

"गाठ घट्टच असते गो."

तिला ते पटलं. तिच्या बापाच्या घरीही तेच आणि नवऱ्याच्या घरीही तेच. सैल गाठीनं जाळं जातं आणि जाळ्यापाठी कधी माणूसही जातो. उस्तादांच्या त्या लपेट-आणि-सोडवर मनातून तिचा कधीच विश्वास बसला नव्हता. आज कुणीतरी काम नीट करतंय असंच तिला वाटलं आणि ती जाऊन पुन्हा निजली.

ओळ मात्र पहिल्यासारखी खाली बसेना. महादू पंजा जोरात ठोकायचा. तरी बसेना, मग आणखी जोरात. आवाज गल्लीत गेला.

"काय ठोकतंय महादू?" बाहेरून हरेश्वरचा आवाज आला.

"खाटेचा पाय मोडला," कृष्णाबाई पायरीवरून म्हणाली.

"मी येऊ?"

"तुजा पाय मोडलाय काय? तं जा मग."

सोमवारी उस्ताद आले, सोबत सुहासिनीबाई आणि दोन हमाल. माग बघायला गल्लीतल्या बायका आणि रिकामे पुरुष ओटीखाली जमले. हरेश्वर सगळ्यांच्या पुढं. महादू आतल्या खोलीत जाऊन बसला. मथुरानं नवं लुगडं नेसलं होतं, बँडेजचा हात पदराखाली. उस्तादांनी ताणे न कापता मागावरून सोडवले, गालिचा उतरवला आणि ओटीवर अंथरला.

खालचा भाग शहाण्यासारखा जमिनीला टेकला. वरचा वीतभर भाग टेकेना. निखाऱ्यावर टाकलेल्या पापडासारखा तो आत वळला, मधेच त्याला फुगवटे आले. उस्तादांनी तळहातानं दाबला. हात काढला तसा तो पुन्हा उठला. त्यांनी गालिचा उलटा केला. खाली बारीक गाठींची सरळ रांग होती आणि वर टपोरे गोळे होते. खिशातून आकडा काढून त्यांनी एक गाठ उकलायचा प्रयत्न केला. मग दुसरी करून पाहिली. तिसऱ्या गाठीला आकड्याचं टोकच वाकलं.

"यह किसका हाथ है?" त्यांनी विचारलं.

"माजाच," मथुरा म्हणाली.

"बेटी, नीचे का हाथ तेरा है. मैं पहचानता हूं. यह किसी और का है."

"माजाच हाय, बाबा. बोट दुखत होता म्हनून तसा झाला."

"मथुरा, खरं सांग बाई," सुहासिनीबाई म्हणाल्या. "दुसऱ्या कुणाकडून करून घेतलंस का? तसं असेल तर माग ठेवता येणार नाही गं. मंडळाला काय सांगू मी?"

मथुरानं मान खाली घातली. खरं सांगावं तर नवऱ्याची अब्रू गल्लीत उभी होती, न सांगावं तर माग जात होता.  "माजाच हाय," ती तिसऱ्यांदा म्हणाली, आणि हमाल चौकटीला हात घालायला पुढं सरकले.

"माजी हाय गाठ," आतून आवाज आला.

महादू बाहेर येऊन उभा राहिला. त्याच्या गंजीफ्राकावर लाल-निळी लोकर चिकटली होती.  मग पहिला हरेश्वर हसला, आणि हसू गल्लीभर झालं.

"तरीच म्हतारी बोलतंय खाटेचा पाय मोडला!"

"आता पाटी पन घे डोक्यावर, महादू! बाजारात जा!"

"लुगडा घे बायकोचा, नवा हाय!"

महादूच्या कानशिलावरच्या शिरा टरारल्या. मनात आणलं असतं तर त्यानं दोघांना उचलून खाडीत फेकलं असतं. तो जागचा हलला नाही. उस्तादांनी त्याचा उजवा हात धरला, पालथा केला आणि करंगळीवरची खाच अंगठ्यानं चाचपून पाहिली.

"गांठ जबरदस्त है तेरी," ते म्हणाले. "मगर गालीचे को यह बीमारी है. उसको सांस नहीं लेने देती." आणि सुहासिनीबाईंकडं वळून म्हणाले, "हमारे गांव में तो मर्द ही बुनते हैं, बहनजी. इसमें हंसना क्या?"

सुहासिनीबाई घोटाळ्यात पडल्या. माग बायकांसाठी दिलेला होता. पण त्या पातेल्याची आठवण त्यांच्याही मनात कुठंतरी टोचत असावी. नाव मथुराचंच राहील, त्या म्हणाल्या. गालिचा पुन्हा चढवून वरचा भाग काढायचा आणि नव्यानं विणायचा. महिन्यानं बघू. नीट झाला तर ठीक, नाही तर माझाही इलाज नाही.

काढायचा म्हणजे कसा, ते उस्तादांनी सांगितलं नाही. मथुराची ओळ बोटांनी उकलली असती. महादूची गाठ उकलायची सोयच नव्हती. तो रोज मागापुढं मांडी घालून बसायचा आणि आपली गाठ आपणच दाढीच्या पात्यानं कापायचा. ताण्याला धक्का लावायचा नाही, नुसती गाठ. डोळ्यांत पाणी यायचं. ते नजर लावून बसल्यानं येतं असं तो सांगायचा. कापलेले गोळे मांडीवर पडत, तिथून खाली. त्याची एकही गाठ आजवर कुणी तोडली नव्हती. दार आता उघडंच होतं. लपवायचं राहिलं काय?

मग मथुरा त्याला शिकवायला बसली. तिचं बोट वाळलं होतं पण वळत नव्हतं, आणि पुढंही ते पूर्ण वळणार नव्हतं. म्हणजे हात त्याचाच लागणार होता.

"टाक. मागनं घे. मधून काढ. आता सोड."

महादू सोडायचा नाही. हात मधेच आवळायचा.

"सोड ना रं!"

"सोडतंय ना!"

"कुठं सोडतंस? बघ, परत वेढा दिलास."

"हात देतंय, मी नाय देत," महादू ओरडला. आणि ते खरंच होतं.

शेवटी मथुरानं जुन्या लुगड्याची पट्टी फाडली आणि त्याची करंगळी तळहाताला घट्ट बांधून टाकली. ओढायला करंगळीच मोकळी नाही म्हटल्यावर हात लंगडा पडला. दिवसभर तो बांधलेल्या हातानं विणायचा आणि ती शेजारी बसून म्हणत राहायची, सोड. सोड. आता सोड. कृष्णाबाई कोपऱ्यातून ते ऐकायची. एरवी तिची जीभ कात्रीसारखी, पण या बाबतीत ती मुलाला एका शब्दानं बोलली नाही. तिनंही एकदा या ओटीवर बसून गावाचं हसू झेललं होतं.

गालिचा पास झाला. दुसराही झाला. माग राहिला आणि चूल रोज पेटायला लागली. तिसऱ्या गालिच्याला पट्टीची गरज उरली नव्हती. दोघं मागापुढं खांद्याला खांदा लावून बसत. मथुरा चार बोटांनी जमेल तेवढं करायची, बाकीचं तो. हसणारे हसून थकले. मात्र जाळी आता कमी येत होती. महादूला वेळ नाही, असं लोक म्हणायचे. महादू ते ऐकायचा आणि पंजा जरा जास्त जोरात ठोकायचा. होडी मागच्या दारी उलटीच होती, तिच्या फळ्यांना भेगा पडत होत्या.

एकदा भात वाढून घेताना कृष्णाबाईनं ताटाऐवजी त्याचा हात धरला. तिची बोटं त्याच्या करंगळीवरून फिरली.

"खाच भरली रं," ती म्हणाली.

महादूनं हात काढून घेतला आणि जेवायला लागला.

श्रावण सरता सरता हरेश्वर आला. त्या दिवशी पहिला आपणच हसलो हे तो विसरला नव्हता. आला की अजून ओटीखालीच उभा राहायचा.

"बाहेर घोळ आयलीय," तो म्हणाला. घोळ म्हणजे भारी भावाची मोठी मासळी. "खाडीत नाय, पार बाहेर. तिथं पानी स्वच्छ हाय. मी एकटा काय करू? तुजी होडी काढ, तुजा जाला काढ."

महादूनं पंजा खाली ठेवला. मथुरानं त्याच्या तोंडाकडं बघितलं. कित्येक महिन्यांत तिनं ते तोंड असं पाहिलं नव्हतं.

"एक बार जातंय," तो तिला म्हणाला. "म्हावरा मिलाला तं बघू. बाहेर मिलत असेल तं हा बकरा घरात कशाला?"

"जा ना," ती म्हणाली. "मी कुठं धरलाय तुना?"

त्यानं होडीच्या भेगा बुजवल्या, बुडाला डांबर फासलं. जाळ्याला उंदरांनी भोकं पाडली होती. हातातला गालिचा सुहासिनीबाईंना हवा होता, म्हणून तो सकाळी मागावर बसायचा आणि दुपारी मागच्या दारी जाळ्यावर. लाकडी सुई हातात घेताना त्याला सण असल्यासारखं वाटलं. शीळ घालत त्यानं भोकं भरली. हात इतका झरझर चालला की त्याचं त्यालाच नवल वाटलं.

पहाटेच्या ओहोटीबरोबर दोघं बाहेर पडले. कारखान्यांच्या ज्वाळा मागं पडल्या, तवंग मागं पडला, आणि पाण्याचा खराखुरा वास आला. महादूनं ओंजळीत पाणी घेऊन तोंडावर मारलं. "बघ," तो म्हणाला. "बघ, कसा हाय." हरेश्वरनं वल्हं मारत मान डोलावली. उन्हं वर आल्यावर त्यांनी जाळं टाकलं. दुपार कलली तेव्हा ओढायला घेतलं आणि दोघांच्या दंडांना कळलं की आत काहीतरी मोठं आहे.

"घोळ हाय! महादू, घोळच हाय!"

दोघं पाय रोवून ओढत होते. पाण्याखाली सोनेरी पाठी दिसल्या, एक, मग बऱ्याच. महादूच्या तोंडून शिव्या आणि देवाची नावं एकदमच बाहेर पडत होती. मासळीनं धडक दिली. मग आणखी एक. आणि जाळं हलकं झालं.

असं एकदम हलकं झालं की हरेश्वर पाठीवर पडला. महादूनं उरलेलं भराभर वर घेतलं. मधल्या पट्ट्यात माणूस जाईल एवढी खिंडारं होती. चार बारकी मासळी कडेला अडकली होती, बाकी दर्या रिकामा. हरेश्वर उठला, खिंडाराची कड हातात घेऊन बघायला लागला. त्यानं दोऱ्याचं टोक उन्हात धरलं. ते फाटलेलं नव्हतं, कुरतडलेलं नव्हतं. शेजारचं तसंच. त्याच्या शेजारचंही.

"तुटला नाय रं," तो म्हणाला. "सुटलाय. ही गाठ कोनाची?"

महादूनं कड त्याच्या हातातून घेतली. भोक भरलेली एक जागा अजून शाबूत होती. दोरा दोन पदरांवरून गेलेला, मागून वळून मधून बाहेर आलेला. आणि तिथंच सोडलेला.

"माजी," तो म्हणाला.

हरेश्वर हसेल म्हणून तो वाट बघत राहिला. हरेश्वर हसला नाही. त्यानं गुपचूप वल्हं उचललं आणि होडीचं तोंड माहूलकडं वळवलं. तो हसला असता तर महादूला बरं वाटलं असतं.

दिवेलागणीला तो ओटीवर आला. मथुरा मागापुढं होती. तिनं मोकळी पाटी बघितली, त्याचं तोंड बघितलं. ओलं जाळं त्यानं नेऊन कृष्णाबाईच्या मांडीवर टाकलं. म्हातारी ते चाचपायला लागली. तिची बोटं खिंडारापाशी आली, थांबली, पुढं गेली, पुन्हा थांबली. उरलेल्या सैल गाठीशी आली तेव्हा तिनं ती नुसती नखानं खेचली. दोरा तिच्या हातात आला.

"सगल्या अशाच?" तिनं विचारलं.

"सगल्या."

महादू तिच्यापुढं जमिनीवर बसला. दाढीत मीठ वाळलेलं, डोक्यात पांढरे केस.

"आये," तो म्हणाला, "मना गाठ शिकव."

कृष्णाबाईनं त्याचा हात मांडीवर ओढून घेतला. सुईतला दोरा दोन पदरांवरून नेला, मागून काढला, उलट्या अंगानं वेढा दिला आणि टोक त्याच्या करंगळीला गुंडाळलं. तिथली कातडी आता मऊ होती.

"ओढ," ती म्हणाली.

महादूनं ओढायला घेतलं. हात अर्ध्यावर आला आणि आपोआप सैल पडला. वेढा उकलून खाली लोंबायला लागला. मागापुढं मथुराच्या हातातला पंजा वरच्या वर राहिला. वर्षभर ती त्याला सोड, सोड म्हणत आली होती.

कृष्णाबाईनं दोरा पुन्हा त्याच्या करंगळीला गुंडाळला.

"ओढ रं," ती म्हणाली. "अजून ओढ."